गाणे ऐकणारी माणसे बूथवर काय करतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात अमेरिकेतल्या निवडणुकीवर आपण एक स्फुट छापले होते. तिथल्या एका गायिकेच्या चाहत्या पोरी मनगटावर मण्यांची कंकणे घालून प्रचाराला उतरल्या आहेत, असे त्यात होते. आणि गाण्यावर डोलणाऱ्यांच्या हाती मतपेटी गेली तर राज्य कोणत्या तालात चालेल, असा प्रश्न शेवटी टाकला होता. लेखकाने विनोद म्हणून लिहिले असेल. मला मात्र तो झोंबला, कारण मी स्वतः गाण्यावर डोलणारी आहे. वय 63, टपाल खात्यात 36 वर्षे, आणि त्याहून जास्त वर्षे दुसऱ्यांच्या गाण्यामागे तंबोरा धरून बसलेली. गोव्यात माशेलला राहते. आमचे एक लहानसे श्रोते मंडळ आहे. नोंदणी नाही, फलक नाही. महिन्याला एक बैठक आणि वर्षाला 151 रुपये वर्गणी, तीही निम्मे जण मार्च उजाडला तरी देत नाहीत. या मंडळाने गेल्या, 2024 च्या लोकसभेला मतदारांची नावे नोंदवण्याचे जे काम केले ते सांगावे म्हणून हे पत्र. लांबले तर कापा, पण मधून कापा, शेवट ठेवा.

आधी अमेरिकेचे आटोपते. 11 सप्टेंबरला सकाळी आमच्या पाच दिवसांच्या गणपतीची उत्तरपूजा व्हायची होती. रात्री उशिरापर्यंत घुमट-शामेळ या वाद्यांवर आरत्या झालेल्या, खतखत्याच्या भाज्या चिरायच्या पडलेल्या, आणि कॉलेजात जाणारी माझी भाची गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली फोन घेऊन बसलेली. एकदम ओरडली, “मावशे, टेलरान सांगलें गो!” तिकडे तेव्हा 10 तारखेची रात्र होती. दोन उमेदवारांचा वादविवाद संपला आणि टेलर स्विफ्टने आपण कमला हॅरिस यांना मत देणार असे जाहीर केले. सोबत मतदार नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळाचा दुवा दिला. चोवीस तासांत त्या दुव्यावरून 4,05,999 जण तिथे पोचले. आपल्या स्फुटात हा आकडा होता. त्याच्या आधीची गोष्ट नव्हती, ती मला भाचीने भाज्या चिरता चिरता सांगितली. या चाहत्यांनी आपली फळी जुलैतच उभी केली होती, बायडेन यांनी 21 जुलैला माघार घेतल्यानंतर. 27 ऑगस्टला हजारो जणांची व्हिडिओ सभा झाली, तीत कॅरोल किंग ही जुन्या पिढीतली गायिका आणि एलिझाबेथ वॉरन या सिनेटर बोलल्या, लाखावर डॉलर गोळा झाले. तोवर स्विफ्टबाईंनी तोंडातून अक्षर काढले नव्हते. म्हणजे श्रोते आधी उठले, गायिका मागून आली. आपल्या लेखकाने क्रम उलटा लावला आणि पोरींना मेंढरे ठरवले.

माझी गल्लत होऊ नये म्हणून सांगते, गायकाने सांगितले म्हणून मत देणे मलाही पटत नाही. गायकाने मला मारवा राग कसा लावायचा ते सांगावे. पण तिथे 2004 पासून ‘हेडकाउंट’ नावाची एक संस्था मैफलींच्या दारात कागद घेऊन उभी राहते आणि आत जाणाऱ्यांची मतदार म्हणून नोंदणी करून घेते. कोणाला मत द्या, हे ती सांगत नाही. तसा दारात उभा राहणारा श्रोता मला पटतो. आमच्या मंडळाचे नावनोंदणीचे मेज तसलेच होते, फक्त ते आम्ही वाळपईहून आणलेल्या फणसाच्या फळीवर मांडले होते.

तिथले सगळेच आपल्याकडे चालत नाही, हेही खरे. ‘ग्रेटफुल डेड’ नावाचा एक बँड तिथे होता. काही जण आपल्याकडे जत्रेमागून जत्रा नाटके बघत हिंडतात, तसे त्या बँडचे श्रोते गावोगाव त्याच्या मागे फिरत. बँड 1995 मध्ये मोडला. त्यातल्या हयात वादकांपैकी तिघे 4 फेब्रुवारी 2008 च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत ओबामांसाठी पुन्हा एकत्र वाजवायला बसले, आणि दुसऱ्याच दिवशी कॅलिफोर्नियात पक्षाचा उमेदवार निवडण्याचे मतदान होते. आपल्याकडे असे केले तर पोलीस दारात येतील. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 126 वाचा. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत सभा आणि मिरवणूक तर नाहीच, पण लोक जमवण्यासाठी गाण्याचा जलसा, नाटक किंवा दुसरी करमणूक ठेवून निवडणुकीचा मजकूर लोकांपुढे मांडायलाही मनाई आहे. दोन वर्षांपर्यंत कैद. कायदे करणाऱ्यांना गाण्याचे बळ आपल्या स्फुटकारापेक्षा जास्त ठाऊक होते म्हणायचे.

या कलमाने आमची एकदा चांगलीच तारांबळ उडवली. गोव्यात मतदान 7 मेला, मंगळवारी. म्हणजे रविवारी संध्याकाळी सहापासून बंदी. आणि सोमवारी आमचे भजन. मंडळातल्या एका वकिलाच्या कारकुनाने कलम वाचून दाखवले, आणि पखवाजवाले म्हणाले, या वयात तुरुंगात गेलो तर माझ्या पथ्याचे जेवण कोण आणील? दीड तास वाद. शेवटी 1950 या मतदार मदत क्रमांकावर फोन लावला. तिकडच्या मुलीने शांतपणे विचारले, “भजनात निवडणूक आहे का?” आम्ही म्हटले, नाही, तुकाराम आहे. “मग करा की.” भजन झाले. पण त्या दिवशी आम्ही अभंगांच्या मध्ये ‘उद्या मतदान करा हो’ एवढेही म्हटले नाही. कायद्याने चालले असते. आम्हालाच नको वाटले.

आता हे सगळे कशासाठी, तर माझ्या आजीमुळे. आजी देवळात गायची. कोणत्या ते सांगत नाही, त्या देवळाशी आजही आमचे येणेजाणे आहे. गोव्याच्या गाण्यात अशा किती जणी होत्या ते या पत्राच्या वाचकांना सांगायला नको. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई जगाला ठाऊक झाल्या, बाकीच्या सभामंडपातच राहिल्या. ज्या सभामंडपात आजीचा आवाज घुमायचा त्या देवळाच्या महाजनांच्या, म्हणजे हक्काच्या सभासदांच्या, यादीत तिचे नाव नव्हते, आणि असणे शक्यही नव्हते. तिच्या गाण्याला वेळ ठरलेली होती, जागा ठरलेली होती, बिदागी ठरलेली होती. यादी मात्र नव्हती. 9 डिसेंबर 1963 ला मुक्त गोव्यातली पहिली निवडणूक झाली. आजीला सही येत नव्हती. भिंतीवर लावलेली मतदारांची यादी कोणा मास्तरांनी तिला वाचून दाखवली आणि तिचे नाव आले तेव्हा तिने म्हणे मास्तरांना ते परत वाचायला लावले. मग तिसऱ्यांदा. मुखडा तीनदा घेतात तसा. वडील ही गोष्ट हसत सांगायचे. मी टपालात लागले, हजारो पत्ते हातांखालून गेले, नाव चुकलेले पाकीट परत जाते हे रोज पाहिले, तेव्हा कुठे मला ती गोष्ट हसण्यासारखी वाटेनाशी झाली.

तर फेब्रुवारीत आमची बैठक होती. मध्यंतरात चहा-मिरचीभजी चालू असता तबलजीची बायको सहज म्हणाली, आपले नाव अजून डिचोलीच्या मतदार यादीत आहे, लग्नाला अकरा वर्षे झाली. दुसरी म्हणाली, माझे पेडण्याला. तिसरीचे नाव दोन्हीकडे. सतरंजीवर बसलेल्या बायकांत लग्नानंतर पत्ता बदलून घेतलेली अशी एकच निघाली, आणि ती पंचायतीत कामाला. पुरुष मंडळी तोवर ‘देशाचे काय होणार’ यावर बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मी यादी छापून आणली. भजनी सप्ताह ज्याने जवळून पाहिला आहे त्याला माहीत असेल, चोवीस तास झांज थांबू द्यायची नाही म्हणजे काय असते. वास्कोचा दामोदर सप्ताह 1899 पासून चालू आहे. आमच्या बाजूला लहान लहान सप्ताह आहेत. रात्री दोन ते चारची पाळी कोणाची, कोणाला दमा आहे, कोणाची मुलगी बाळंतीण आहे, कोण ‘येतो’ म्हणतो आणि येत नाही, याची वही गावोगाव असते. ती वही ठेवणारे आमचे पेटीवाले काका. मी त्यांना म्हटले, काका, पाळ्या लावा. त्यांनी भजनाच्याच वहीत मागच्या पानावर गावातल्या वाड्यांचे रकाने पाडले आणि प्रत्येक वाड्याला दोन माणसे लावली, एक बोलणारा आणि एक लिहिणारा. बोलणारा बहुतेक गायक निघाला, लिहिणारा तबल्या. का ते मला ठाऊक नाही.

मेज कुठे मांडायचे यावर मात्र अडले. पहिल्यांदा देवळाच्या मंडपात मांडले. महाजनांपैकी एक जण आले आणि नम्रपणे म्हणाले, बाय, आचारसंहिता लागणार, पूजास्थान प्रचाराला वापरता येत नाही. आम्ही प्रचार कुठे करतो, नावे तर नोंदवतो, असे मी सांगून पाहिले. ते म्हणाले, आज तुम्ही नावे नोंदवाल, उद्या दुसरा येईल आणि म्हणेल त्यांना दिली तशी मलाही जागा द्या. बरोबर होते त्यांचे. मेज उचलून बाहेर वडाच्या पारावर नेले. मनात मात्र एक क्षण आले, याद्यांचे आणि या मंडपाचे काही जमत नाही बुवा.

सहा नंबरचा अर्ज नव्या नावाला, आठ नंबरचा पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला, सात नंबरचा नाव काढायला. सात नंबरचा आम्ही हातात धरला नाही. मेलेल्या माणसाचे नाव काढणे हेही काम आहे, पण गावात कोणाचे नाव कोणी काढले ही आग एकदा लागली की विझत नाही. ते बीएलओ बाईंनी, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकारी बाईंनी, करावे. मुदत कधीपर्यंत, हे कोणालाच नीट माहीत नव्हते. उमेदवारी भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या दहा दिवस आधीपर्यंत अर्ज घेतात. आपल्याकडे उमेदवारी 19 एप्रिलपर्यंत होती, म्हणजे अर्ज 9 एप्रिलपर्यंत. आणि 9 एप्रिल नेमका पाडवा. सकाळी गुढी उभारून, कडुनिंबाचे चावून, आम्ही चौघी बायका एका मुलाच्या लॅपटॉपभोवती बसलो होतो. जन्मतारखेचा दाखला, आधार, फोटो. एकीचा फोटो लग्नातला, मुंडावळ्यांसकट. तो यंत्राने नाकारला. एकूण 41 अर्ज गेले. त्यांतले 29 आठ नंबरचे, जवळजवळ सगळे सुनांचे.

काही नावांपुढे काही करता आले नाही. आमच्या ओळखीचा एक ड्रम वाजवणारा मुलगा, उत्तम लय, पर्यटक जहाजावरच्या बँडमध्ये असतो. निवडणुकीच्या वेळी तो समुद्रात. सैनिकाला टपालाने मत पाठवता येते, तारवट्याला नाही. त्याच्या आईने मला विचारले, “तू पोस्टात आशिल्ली मगो? कितें तरी कर.” 36 वर्षे पोस्टात काढूनही मला उत्तर नव्हते.

कोणाला मत द्यायचे हा विषय मंडळात काढायचा नाही, असा नियम काकांनी पहिल्याच दिवशी केला. तसाही तो काढून उपयोग नव्हता. फोंडा तालुक्याचे गणित बाहेरच्यांना कळत नाही: आमचा प्रियोळ मतदारसंघ लोकसभेला उत्तर गोव्यात मोडतो, फोंडा, मडकई आणि शिरोडा दक्षिणेत. आमच्या एकाच सतरंजीवर दोन खासदारांचे मतदार बसतात. तरी एका तरुण मुलाने गाणे करायची टूम काढलीच. चांगले शब्द केले होते त्याने, मतदानाला चला वगैरे, आणि चाल लावली होती एका ओळखीच्या अभंगाची. काकांनी पेटीचा भाता बंद केला. म्हणाले, आज तू ही चाल मतदानाला लावशील, उद्या कोणीतरी हीच चाल उमेदवाराला लावील, आणि मग आषाढीला मी पेटीवर बोटे ठेवली की लोकांना निशाणी दिसेल. पांडुरंगाची चाल सोड.

काका उगाच घाबरत नव्हते. 1967 च्या जनमत कौलाच्या वेळी ते दहा-बारा वर्षांचे होते, मी सहाची. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल ही निशाणी, वेगळ्या गोव्याला दोन पाने. दोन पानांच्या बाजूचे गायक उल्हास बुयांव यांची गाणी तेव्हा गावोगाव फिरली आणि त्या गाण्यांनी किती मने वळवली हे दोन्ही बाजूंचे लोक आजही मान्य करतात, एक बाजू अभिमानाने, दुसरी चरफडत. 16 जानेवारीला दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मते पडली. आमच्या घरी वडील फुलाचे, त्यांचे धाकटे भाऊ पानांचे. दोघेही एकाच भजनात. वडिलांच्या हाती झांज, भावाच्या हाती मृदंग, आणि जवळजवळ वर्षभर एकमेकांशी बोलणे नाही. तरी समेवर चुकत नव्हते, असे आई सांगायची. मी या पत्रात फूल बरे की पाने बरी ते लिहीत नाही. आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात ते 57 वर्षे चालूच आहे. एवढेच सांगते, की गाण्याने मत फिरते हे गोव्याने पाहिले आहे, म्हणूनच आमच्या मंडळाने गाणे बाजूला ठेवले आणि नुसती वही हाती घेतली.

मग 7 मे. सकाळी सातला केंद्र उघडायचे, आमची माणसे साडेसहाला. उन्हाळा असा की नऊनंतर रांगेत उभे राहणे म्हाताऱ्यांना शक्य नव्हते. आदल्या आठवड्यात कोणाच्या तरी कार्यकर्त्याने जीप देऊ केली होती, डिझेलसकट. मतदारांची ने-आण करायला. नाही म्हटले. उमेदवाराच्या संमतीने वाहन देणे हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे, आणि संमती होती की नव्हती हे नंतर कोण ठरवणार? आमच्यापैकी प्रत्येकाने आपल्या शेजारच्या एकाला चालत न्यायचे, छत्री घेऊन, असे ठरले. जे चालू शकत नव्हते त्यांची व्यवस्था निवडणूक यंत्रणेकडे आधी मागितली होती.

88 वर्षांचे आमचे एक जुने पखवाजी, त्यांनी 12-डी हा अर्ज भरून घरून मत दिले होते. 85 च्या वरच्यांना ही सोय आहे, पण अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत अर्ज द्यावा लागतो. अधिकारी पेटी, पुठ्ठ्याचा आडोसा आणि कॅमेरावाला घेऊन घरी आले तेव्हा हे काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घालून ओसरीवर बसलेले. सुनेने विचारले, मामंजी, घरातच तर आहात. ते म्हणाले, बैठकीला बंडीवर बसतात का?

आंधळ्या आणि अपंग मतदाराला सोबती नेता येतो, पण नियम असा की एका दिवसात एक माणूस एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. हे आम्हाला आधी माहीत नव्हते. आमच्या वहीत अशी पाच नावे होती आणि एकच पुतण्या सगळ्यांना नेणार होता. मग ऐन वेळी चार जण आणखी शोधले. मी एका आजींची सोबती झाले. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, गाण्याला मात्र अजून पहिल्या रांगेत. आत मी मताची गुप्तता राखीन असे लिहून दिले, सही केली. आजींनी कुठले बटण दाबायला सांगितले ते मी मरेपर्यंत सांगणार नाही. त्यांनी स्वतः बाहेर येऊन साऱ्या रांगेला सांगितले.

बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे आमचे एक स्नेही जन्मांध आहेत. त्यांनी सोबती घेतला नाही. यंत्राच्या बटणांशेजारी ब्रेल आकडे असतात. सुरावटीच्या पट्ट्या चाचपाव्यात तसे त्यांनी वरून खालपर्यंत बोट फिरवले, परत वर आले, आणि दाबले. बाहेर येऊन पहिले काय म्हणाले, तर यंत्राची शिट्टी पांढरी पाच या सुराच्या जरा खाली लागते, उतरलेली आहे. त्यावर तिथेच रांगेत वाद. एकजण काळी तीन म्हणत होता. पोलिसाने येऊन गप्प केले. मताची छापील चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. सेकंदाला एक मात्रा धरली तर सात मात्रांच्या रूपक तालाचे बरोबर एक आवर्तन. तबलजीने आत मनातल्या मनात ठेका धरून पाहिला म्हणे, आणि सातवीला चिठ्ठी पडली. रूपकाची सम ‘खाली’च्या मात्रेवर असते, हे त्याने तिथल्या मतदान अधिकाऱ्यालाही समजावायला सुरुवात केली होती. एरवी त्याचे बोट शाईला लागते, त्या दिवशी शाई बोटाला लागली, हा त्याचा विनोद आम्ही गेले चार महिने ऐकतो आहोत.

सगळे छान झाले असे नाही. एका केंद्रावर चाकांची खुर्ची होती, पण कुलूपबंद खोलीत, आणि किल्लीवाला नाश्त्याला गेलेला. एका बाईंना आम्ही बाकावर अर्धा तास उन्हात बसवून ठेवले. सावलीचा मांडव पुरुषांच्या रांगेवर होता. आणि 41 अर्जांपैकी तीन नावे यादीत आलीच नाहीत. तिघीही सुना. त्यांतली एक नटूनथटून, आठवड्यापूर्वी घेतलेली साडी नेसून आली होती. मतदार चिठ्ठी नाही, पुरवणी यादीत नाव नाही, जुन्या गावचे नाव मात्र गेलेले. तिला घरी सोडायला मी गेले. वाटेत ती काही बोलली नाही. मी आजीची गोष्ट सांगणार होते, सांगितली नाही.

गोव्यात त्या दिवशी सुमारे 76 टक्के मतदान झाले, देशात 66 च्या आसपास. त्यात आमचे 38 कुठल्या दशांशात बसतात ते मोजत बसले नाही. 4 जूनला निकाल लागला. गोव्याच्या दोन जागा दोन वेगळ्या पक्षांना गेल्या. त्या संध्याकाळी आमच्या व्हॉट्सअॅप गटात एकाने एका जागेसाठी पेढ्याचे चित्र टाकले, दुसऱ्याने दुसऱ्या जागेसाठी. काकांनी दोन्ही काढून टाकायला लावले आणि जूनच्या बैठकीची वर्गणी कोणाकोणाची राहिली त्यांची नावे टाकली.

आपल्या स्फुटकाराला एकच विनंती. पुढच्या वेळी अमेरिकेतल्या पोरींच्या कंकणांवर लिहिण्याआधी यादीत नाव न आलेल्या आमच्या तिघींपैकी एकीला विचारून पाहावे, मतपेटी कोणाच्या हाती असते ते.

आणि ही सूचना छापली तर उपकार होतील. 1 ऑक्टोबर ही यंदाची शेवटची अर्हता तारीख. त्या दिवशी ज्यांची 18 वर्षे पूर्ण होतात त्यांना सहा नंबरचा अर्ज देता येईल. कोजागरीच्या रात्री आमची बैठक आहे. मेज बाहेर पारावर असेल, संध्याकाळी पाचपासून दूध आटेपर्यंत. लग्न होऊन आलेल्या सुनांनी आठ नंबरच्या अर्जासाठी सासरच्या पत्त्याचा पुरावा आणावा, वीजबिल किंवा पासबुक चालते. फोटो मुंडावळ्यांशिवाय. पेने आमच्याकडे दोनच आहेत, ती लिहून झाल्यावर परत द्यावीत.

आपली,
एक तंबोरेवाली (निवृत्त, टपाल खाते)
माशेल, गोवा